कटरचं पाणी

काशिनाथ मिस्त्री टाईलच्या धुळीनं गेला. ती धूळ त्यानं पाणी वाचवायच्या नादात छातीत भरून घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुणी विचारलं की मी "दमा होता" म्हणून विषय मिटवतो आणि मग दिवसभर माझं मलाच बरं वाटत नाही. दमाबिमा काही नव्हता. चांगला धडधाकट माणूस होता. चार बाय दोनची टाईल एकटा छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि वर पोचल्यावर गाणं म्हणायचा, तेही बेसूर.

मी प्लंबर. आमचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून होते, आणि मी बारावीला आपटून हातात पाना घेतला. घरात तेव्हा बरीच रडारड झाली. मिस्त्रीला ही हकिगत कळली त्या दिवसापासून त्यानं मला "भटजी" म्हणायला सुरुवात केली. नळ जोडून झाले, पाईपांत पाणी सोडून गळती बघायची वेळ आली की हा दारात उभा राहून म्हणायचा, "चला भटजी, मंत्र म्हणा अन् सोडा गंगा." हळूहळू सगळी साईट मला भटजी म्हणायला लागली. माझं खरं नाव ठेकेदारालासुद्धा आठवायचं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी पाना फेकून मारला असता, पण मिस्त्री म्हणायचा तेव्हा राग यायचा नाही. तो स्वतः बौद्ध. छावणीच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, घरात पितळेची बुद्धमूर्ती, बायको शकुंतला, मुलगी लग्न होऊन जालन्याला. आमच्या घरी माझी आई होती तेव्हा त्याला कपबशी वेगळी द्यायची का काय, असा तिचा एकदा चेहरा झाला होता. त्यानं तो ओळखला आणि तिला म्हणाला, आजी, तुमच्या मोरीची भिंत ओल धरतीय, रविवारी येऊन करून देतो. रविवारी आला. त्यानंतर आईच त्याची वाट बघायची.

आमची गाठ पडली गारखेड्याला. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि गारखेड्याच्या पुढं, जिथं ज्वारी उभी असायची, तिथं अपार्टमेंटा उठत होत्या. बाथरूमला बोटाएवढ्या पांढऱ्या टाईल लावायचे दिवस सरले होते. लोकांना आता दाराएवढ्या टाईल हव्या होत्या. बाथरूममध्ये, स्वयंपाकघरात, टीव्हीच्या मागच्या भिंतीवर सुद्धा. एवढी मोठी टाईल उभ्या भिंतीवर लावायला फार कमी मिस्त्री तयार असायचे. लहान टाईल भिंतीचा वाकडेपणा पोटात घालते, मोठी घालत नाही. भिंतीला जरा फुगवटा असला की टाईलचा एक कोपरा उठून बसतो, आणि मागं पोकळ राहिलं तर कधीतरी कुणी खिळा ठोकायला जातो आणि अख्खी टाईल तडकते.

म्हणून हा गडी पहिला दिवस टाईलला हातच लावायचा नाही. नुसता भिंतीशी बसायचा. लांब ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीवर आडवी, उभी, तिरकी धरायचा, पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचा, ओळंबा सोडायचा आणि भिंतीशी बोलायचा. "हिचं लई रुसणं हाय भटजी. कुणीतरी घाईत लगीन उरकलंय हिचं." म्हणजे गिलावा करणाऱ्यानं काम उरकलंय. मग फुगवटा तासायचा, खड्डा भरायचा, परत पट्टी. ठेकेदार दारात येऊन घड्याळ बघायला लागला की मिस्त्री त्याला स्टूल द्यायचा, बसा म्हणायचा, आणि त्याच्यादेखत आणखी एकदा पट्टी धरायचा.

त्याला एक खोड होती. बोटाच्या पेरानं जे दिसेल ते ठोकून बघायचं. भिंत तर ठोकायचाच, पण दार, टेबल, मंडईतलं कलिंगड, माझ्या नव्या गाडीची टाकी, काही सोडायचा नाही. एकदा माझ्या पाठीत ठोकलं आणि म्हणाला, आतून भरीव हाय, चिंता नको. लावलेली प्रत्येक टाईल तो दुसऱ्या दिवशी कान लावून ठोकायचा. आवाज जरा मोकळा आला की काढायचा. टाईल चिकटवायचं केमिकल तोवर घट्ट धरलेलं असायचं, टाईल काढताना फुटायची, ठेकेदार बोंबलायचा. मिस्त्री शांतपणे दुसरी उचलायचा.

माझं आणि त्याचं पहिलं भांडण नळाच्या जागेवरून झालं. मी पाईपाचं तोंड जिथं सोडलं होतं, ते बरोबर त्याच्या टाईलच्या काठावर येत होतं. काठावर भोक पाडलं तर टाईल तुटणार. तो म्हणाला, तुम्ही सरका. मी म्हणालो, माझा पाईप भिंतीत गाडलाय, मी काय सरकतो. दुपारपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जेवणानंतर बघतो तर यानं अख्ख्या भिंतीची आखणी पुसून नवी केलेली. नळ टाईलच्या मधोमध. मला म्हणाला, "मी सरकलो. आता च्या तुमच्याकडं." त्या दिवसापासून मी पाईप गाडायच्या आधी त्याला विचारायला जाऊ लागलो. पुढं ठेकेदार बदलले, साईटी बदलल्या, पण आम्ही जोडीनंच कामं धरली.

आणि गूळ. संध्याकाळी हातपाय धुतले की मिस्त्री शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुळाचा खडा काढायचा. दातानं फोडून आधी आम्हाला वाटायचा, उरलेला स्वतः चघळायचा. त्याचे वडील खडी फोडायचे, त्यांच्याकडून आलेली ही रीत. धुळीत काम करणारे सगळेच हे मानायचे. दिवसभर नाकातोंडात गेलेली धूळ गुळाला चिकटते, घशातून खाली उतरते आणि पोटावाटे निघून जाते. शकुवहिनी सकाळी डब्याबरोबर गुळाचा खडा द्यायच्याच. डबा विसरला तरी चालेल, गूळ विसरायचा नाही. मीही खायचो. मला कुठं माहीत होतं, आणि त्याला तरी कुठं माहीत होतं.

मग ती वर्षं आली. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. धरणाच्या तळाचा चिखल वाळून तडकला. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येईना. बोअर आटले. गंमत बघा, शहर तेवढं थांबलं नाही. खेड्यांतली माणसं काम शोधत इकडं आली, त्यांच्या पत्र्याच्या झोपड्या साईटच्या मागं उभ्या राहिल्या आणि साईटवर मजल्यावर मजले चढत राहिले. बांधकामाला टँकर लागायचा, तो कुठून कुठून यायचा. टँकरचा आवाज आला की मागच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन गेटपाशी उभ्या राहायच्या. वॉचमन त्यांना हाकलायचा. त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं.

आता कटरचं सांगतो. मोठी टाईल कापायची तर फिरत्या पात्यावर पाण्याची धार सोडावी लागते. धार असली की कापताना निघणाऱ्या भुकटीचा चिखल होतो आणि खाली पडतो. धार नसली तर ती पिठासारखी उडते, इतकी बारीक की उजेडाच्या तिरिपेतच दिसते. तर या धारेसाठी रोज एक टिपाड वेगळं भरून ठेवायची पद्धत होती. प्लास्टरचं पाणी वेगळं, माल कालवायचं वेगळं आणि हे कटरचं. टँकर रिकामा करून कुणाला किती पाणी द्यायचं ते नळ फिरवायचं काम माझ्याकडं होतं.

एक दिवस एक म्हातारी वॉचमनची नजर चुकवून आत आली. कडूबाई तिचं नाव. डोईवर पदर, काखेत घागर, तोंड फटकळ. मिस्त्री अंगणात टाईल कापत बसला होता. पांढरं दुधासारखं पाणी पात्यावरून ओघळत होतं आणि मातीत जिरत होतं. म्हातारी बघत उभी राहिली. मग म्हणाली,

"दादा, एवढं पाणी त्या लोखंडाला पाजतो व्हय?"

आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मिस्त्रीनं मशीन बंद केलं. तिची घागर घेतली, टिपाडात बुडवली, तिच्या काखेत दिली. ती गेल्यावर मला म्हणाला, "भटजी, उद्यापासून हे टिपाड गेटच्या बाहेर भरायचं."

मी खूप बडबड केली. कोरडं कापलं तर टाईलचा काठ उडेल म्हणालो. तो म्हणाला, हात सावकाश चालवला की नाय उडत. मी म्हणालो, आणि तुमच्या नाकात जाईल त्याचं काय? त्यानं गळ्यातला रुमाल दाखवला आणि खिशावर थाप मारली, गुळाच्या.

दुसऱ्या दिवशी टिपाड गेटच्या बाहेर गेलं. नळ मीच फिरवला. आता कुणाला वाटेल की मला त्याचा पश्चात्ताप होतो, तर तसं नाही. मला नुसता राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

मी आपली प्लंबरकी चालवून बघितली. दोन बादल्या मांडल्या, कटरखालचं पाणी एकीत जमेल, भुकटी तळाला बसेल, वरचं निवळ पाणी परत धारेला लावता येईल, अशी नळी जोडून दिली. मिस्त्री लई खूश झाला. पुढच्याच आठवड्यात बघतो तर बादल्या रिकाम्या. कडूबाई म्हणाली होती म्हणे, ते गढूळ पाणी आमाला भांडी घासायला चालतंय. यानं तेही दिलं.

वस्तीत त्या पाण्याला नावच पडलं, कटरचं पाणी. बायका वॉचमनला विचारायच्या, कटरचं आलं का? वॉचमनही पुढं पुढं हाकलेनासा झाला, त्याची बायको त्याच वस्तीत होती. कडूबाईला तर वाटायचं की कटर म्हणून कुणी मोठा शेठ आहे. हंडा उचलताना म्हणायची, त्या कटरचं भलं व्हवो. मिस्त्री ऐकून आत हसत बसायचा.

त्यानंतर तो जिथं गेला तिथं हेच. नवी साईट लागली की पहिल्यांदा कटरच्या पाण्याचा हक्क मांडायचा, टिपाड मिळालंच पाहिजे म्हणून ठेकेदाराशी भांडायचा, आणि मिळालं की गेटवर नेऊन ठेवायचा. वरच्यांना पत्ता नव्हता. टाईलचे काठ सुरेख यायचे, कोण कशाला विचारतंय. आणखी एक गोष्ट होती, ती आठवली की माझं डोकं अजून भणभणतं. कोरडं कापलं की धूळ सगळीकडं उडते, रंगवाल्याच्या ओल्या भिंतीवर बसते, सुताराच्या डोळ्यांत जाते. लोक कुरकुरायला लागले. मग हा कटर घेऊन एखाद्या बाथरूममध्ये जायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. खिडकीच्या फटीला बारदान कोंबायचा. आत मशीन ओरडायचं. बऱ्याच वेळानं दार उघडायचं आणि मिस्त्री बाहेर यायचा, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, रुमालाच्या जागी तेवढा रंग शिल्लक. कुणाला त्रास झाला नाही ना, असं वरून विचारायचा.

त्या बादल्यांचे दिवस सोडले तर त्या वर्षांत त्यानं कटरला फक्त एकदा पाणी लावलेलं मला ठाऊक आहे. उस्मानपुऱ्यात एका बाईंचा नवा फ्लॅट होता. बाई बँकेत होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी चार मोठ्या टाईलांवर मिळून छापलेला बुद्धाचा चेहरा आणला होता. तेव्हा ती फॅशनच होती. तो लावायचा होता बोळातल्या भिंतीवर, संडासाच्या दारासमोर. मिस्त्रीनं खोका उघडला, बघितलं आणि पुठ्ठा परत वर टाकला. मग बाईंकडं जाऊन म्हणाला, ही भिंत ओल धरंल, हॉलमधी लावू का? बाई म्हणाल्या, ओल कशानं धरेल, आणि बोळाच्या रंगाला तो किती शोभतो. तेव्हा मिस्त्रीनं चप्पल नीट केली आणि खाली बघत सांगितलं,

"मॅडम, समोर संडासाचं दार हाय. आमच्या घरात याच्यापुढं मेणबत्ती लावत्यात."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. अहो माझ्या लक्षातच आलं नाही हो, असं त्या दोनतीनदा म्हणाल्या, आणि लगेच हॉलमधली भिंत मोकळी करून दिली. पण ती भिंत अरुंद. दोन्ही बाजूंनी टाईल कापावी लागणार होती, अगदी कानाजवळून. मिस्त्रीनं रुमाल बांधला आणि मग स्वतःची प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाला, पात्यावर बारीक धार धरा. मी धार धरली. चिखल ओघळत होता आणि टाईलवरचा तो शांत चेहरा स्वच्छ राहत होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, देवाला पाणी आणि स्वतःला धूळ, हा कुठला न्याय?

"देव नाय भटजी. माणूस व्हता," तो मान वर न करता म्हणाला. "हात हलवू नका, धार मोडती."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. धरण भरलं तेव्हा लोक गाड्या काढून बघायला गेले, आम्हीही गेलो. साईटवर कटरला परत पाणी मिळायला लागलं. वस्तीतली बरीच माणसं गावाकडं परतली, कडूबाईही गेली. जाताना मिस्त्रीला भेटायला आली होती, पण तो वरच्या मजल्यावर होता आणि तिला जिने चढवेनात. चुकामूक झाली. सगळं पहिल्यासारखं झालं, फक्त मिस्त्रीचा खोकला तेवढा आला आणि राहिला.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग टाईल उचलून वर गेल्यावर गाणं बंद झालं. मग तो मधल्या मजल्यावर टेकायला लागला. शर्ट अंगात फिरायला लागला. टीबी असेल म्हणून गोळ्या सुरू झाल्या. त्यानं त्या महिनोन् महिने इमानानं खाल्ल्या, गोळ्यांनी लघवी लाल व्हायची ती दाखवायचा आणि म्हणायचा, रंगवाल्याचा धंदा बसवतो आता. फरक शून्य. शेवटी सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि विचारलं, काम काय करता. मी सोबत होतो.

टाईल लावतो म्हणाला. कापता का? कापतो. पाणी लावून कापता की कोरडं? मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याकडं बघितलं. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, की धूळ फुफ्फुसात रुतून बसली आहे, त्यामुळं फुफ्फुसं आतून घट्ट होत चाललीत, रुतलेली धूळ काढता येत नाही, याला बरं करणारं औषध नाही. धुळीपासून लांब राहणं एवढंच आपल्या हातात.

मिस्त्री सगळं नीट ऐकत होता. मग म्हणाला, "पण मॅडम, मी रोज गूळ खायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. श्वासाची वाट वेगळी, अन्नाची वेगळी, हे त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. गूळ त्या वाटेला जातच नाही काका, असं म्हणाल्या. मिस्त्रीनं स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. एखादी भिंत आधी सरळ वाटावी आणि पट्टी धरल्यावर उजेड दिसावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्यानं खिशातून खडा काढला, बघितला, आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, खा, गोड तर हाय.

मग मात्र माझा तोल गेला. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, मी त्याला वाटेल ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरेवर आलो. तुला कुणी सांगितलं होतं, तू काय पाणीपुरवठा खातं आहेस का, तुझ्या बायकोचं काय, ती कडूबाई येणार आहे का आता. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो पायरीवर बसून दम घेत होता. माझं संपेपर्यंत थांबला.

"भटजी, रुमाल चुकला म्हणा," तो म्हणाला. मध्ये श्वास घेतला. "गूळ चुकला म्हणा. पाणी दिलेलं चुकलं म्हणू नका."

मी परत कधी तसं म्हटलं नाही. मनात मात्र म्हणतो.

धुळीपासून लांब राहायचं म्हणजे कामापासून लांब राहायचं. ते त्याला जमेना. आठवडाभर घरी बसायचा की परत साईटवर. पाणी लावून कापतो आता, काय होतंय, म्हणायचा. खोकत खोकत कापायचा. एक दिवस भरदुपारी शकुवहिनी माझ्या दारात आल्या. रिक्षातून एक पोतं उतरवलं. आत कटर होता, वायर गुंडाळलेली. "भाऊजी, हे तुमच्याकडं ठेवा. मागायला आले तर देऊ नका. तुमच्या पाया पडते," म्हणाल्या. या बाईंनी कधी कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं. मी पोतं पलंगाखाली सरकवलं.

दुसऱ्याच दिवशी तो आला. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालून त्याचा खोकला ऐकू आला आणि मी ओळखलं. दार उघडून उभा राहिलो. काही पायऱ्या चढायचा, कठडा धरून थांबायचा, पुन्हा चढायचा. मी खाली जाऊन हात देणार होतो, पण त्यानं हातानंच तिथं थांबा म्हणून खुणावलं. मधल्या वळणावर तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा होता. शेवटी वर आला, खुर्चीत बसला, बोलण्याइतका श्वास गोळा होईपर्यंत पंख्याकडं बघत राहिला. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, काहीही झालं तरी द्यायचा नाही. पलंगाखालून पोत्याचं टोक दिसत होतं. त्यालाही दिसलं. मी चहा केला. त्यानं बशीत ओतून फुंकून प्यायला. आलं टाकलंय वाटतं, म्हणाला. जालन्याच्या मुलीची खुशाली सांगितली. कप खाली ठेवला, आणि उठला. काही मागितलं नाही. मी त्याला खालपर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसताना एवढंच म्हणाला, पात्याला तेल लावून ठेवा, गंज धरंल. मागितला असता आणि मी नाही म्हटलं असतं, भांडण झालं असतं, तर ते पुष्कळ बरं होतं.

त्यानंतर घर आणि खाट. श्वासाचं मशीन आणलं. ते हवेतून प्राणवायू गाळून नळीनं नाकात सोडतं. मशीनला पुढं एक छोटी बाटली असते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी भरायचं, हवा त्यातून बुडबुडत येते, म्हणजे ती कोरडी लागत नाही. पाणी रोज बदलायचं. शकुवहिनींना त्या बाटलीची धास्ती वाटायची, आटा वाकडा बसला तर हवा निघून जाईल म्हणून. मी जमेल तेव्हा जाऊन ते काम करायचो. आट्यांचं काम, म्हणजे आमचंच.

मी शेवटचा गेलो तो दिवस पावसाचा होता. छावणीमागच्या त्या गल्लीत पन्हळी वाहत होत्या, नळही आला होता, शेजारच्यांची टाकी भरून वाहत होती. मिस्त्री उशीला टेकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं आता. बोलणं जवळपास थांबलं होतं. बाटली बदलेपर्यंत वहिनींनी त्याच्या नाकाला प्राणवायूच्या छोट्या सिलिंडरची नळी लावून दिली. मी बाटली काढली, मोरीपाशी गेलो आणि कालचं पाणी ओतायला ती तिरकी केली. तेवढ्यात मागून त्याचा हात हललेला दिसला. वहिनी त्याच्या तोंडाशी कान नेऊन मला म्हणाल्या, "फेकू नका म्हणतायत. चांगलं हाय म्हणतायत."

दाराबाहेर तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावलेला होता. धो धो पावसात भिजत होता. मी त्या पावसात जाऊन ते घोटभर पाणी कढीपत्त्याला घातलं, कारण तो बघत होता.

परत आलो. बाटलीवर दोन रेघा असतात, कमीत कमी पाणी किती आणि जास्तीत जास्त किती. मी भरायला लागलो, तसं त्यानं बोट उचललं आणि खालची रेघ दाखवली. तेवढंच बास, असं.

इतकी वर्षं त्यानं सांगितलं तिथं मी नळ फिरवला होता. या वेळी मी त्याचं ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघत मी बाटली वरच्या रेघेपर्यंत भरली. भांडायला त्याच्याकडं श्वास नव्हता. त्याचं बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं, मग ते त्यानं खाली घेतलं. मी आटा घट्ट केला, नळी त्याच्या नाकाला लावली, बटण दाबलं. पाणी बुडबुडायला लागलं, आणि मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.